घरचा स्वयंपाक आणि बदलते वय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्नोत्तरे लिहिताना रोज दोन वेळा स्वयंपाक होणारे महाराष्ट्रातील साधे घर समोर ठेवले आहे. ज्यांचे औषधपाणी चालू आहे, त्यांनी पथ्य डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. येथे विचार केला आहे तो स्वयंपाकघराच्या बाजूने.

वय वाढते तसे खाणे बदलते, म्हणजे नेमके काय बदलते?

चव बदलते असे आपण सहज म्हणतो, परंतु स्वयंपाकघरात सर्वांत आधी बदलते ते माप. पूर्वी धान्याच्या डब्यात मापटे किंवा चिपटे पडलेले असे. मापटे म्हणजे अर्धा शेर आणि चिपटे म्हणजे पाव शेर. आता त्यांच्या जागी एखादी जुनी स्टीलची वाटी असते, आणि रांधणारी व्यक्ती ती वाटी किती भरते हे तिलाही धड सांगता येत नाही. यालाच आपण अंदाज म्हणतो. घरात मूल आले, मूल शिकायला बाहेर गेले, सासूबाईंच्या दाढा गेल्या किंवा नोकरीची वेळ बदलली की बसलेला अंदाज चुकू लागतो. कधी भात उरतो, कधी पोळ्या कमी पडतात, आणि नवा अंदाज बसेपर्यंत सहा-आठ महिने सहज निघून जातात. चवीचा प्रश्न त्यानंतरचा आहे आणि तो तुलनेने सोपा आहे.

एकाच घरात तान्हे बाळ, शाळकरी मूल, नोकरी करणारे आणि वृद्ध असतील, तर चार वेगळे स्वयंपाक करावे लागतात का?

लागत नाहीत. आपल्या रोजच्या जेवणाची घडणच अशी आहे की एका कुकरमधून चारही वयांची ताटे निघावीत. तूरडाळ हिंग-हळद घालून शिजवली आणि घोटली की ते वरण. त्यातले दोन चमचे मऊ भातात कालवून, मीठ न घालता बाळाला देता येतात. उरलेल्यात मीठ घालून वाटीभर साधे वरण आजोबांसाठी बाजूला काढावे, त्यावर तूप आणि लिंबू. मग राहिलेल्या वरणाला फोडणी द्यावी, आमसूल, गूळ आणि गोडा मसाला घालावा, की इतरांची आमटी तयार होते. डाळ एकदाच शिजते. फक्त कोणाचे वरण केव्हा काढून ठेवायचे, एवढे लक्षात ठेवावे लागते.

ताटाच्या डाव्या बाजूचेही असेच आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि लोणचे डावीकडे वाढण्याची पद्धत निव्वळ शोभेची नाही, कारण तिखट आणि आंबट कोणी किती घ्यावे हे त्या बाजूला ज्याचे त्याला ठरवता येते. म्हणून ज्या घरात वयांचे अंतर मोठे आहे तेथे भाजीत मिरची बेताची ठेवावी आणि तिखटाची हौस ठेच्यावर भागवावी. भाजी मऊ लागत असेल, तर कढईवर पाण्याचे ताट झाकून सर्वांची भाजी वाफवावी, इतरांची आधी काढून घ्यावी आणि वृद्धांच्या वाटणीला ताटातले तेच गरम पाणी थोडे घालून आणखी पाच-सात मिनिटे ठेवावे.

बाळाला वरचे अन्न केव्हा आणि कशाने सुरू करावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि सहा महिने पूर्ण झाल्यावर दुधाबरोबर वरचे अन्न. आपल्याकडे उष्टावण मुलाचे सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करण्याची जुनी प्रथा आहे. त्यामुळे काही घरांत मुलीला पाचव्याच महिन्यात खीर चाटवली जाते. समारंभ हवा तर सातव्या महिन्यात करावा, सातही विषमच आहे.

सुरुवातीला गुरगुट्या भात, मुगाच्या डाळीचे पाणी नव्हे तर घोटलेली डाळच, उकडून कुस्करलेला बटाटा किंवा भोपळा, पिकलेले केळे, आणि नाचणीची खीर, गूळ-साखर न घालता. नाचणीचे पीठ घरी करायचे असेल, तर नाचणी धुऊन रात्रभर भिजवावी, ओल्या फडक्यात बांधून मोड आणावेत, सावलीत वाळवून किंचित भाजावी, दळावी आणि वस्त्रगाळ करावी. हा खटाटोप वाया जात नाही, कारण मोड आलेल्या धान्यातील पिष्टाचे विघटन सुरू झालेले असते. त्यामुळे खीर चिकट न होता पातळ राहते आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि शंभर मिलिलिटर गाईच्या दुधात सुमारे १२०. मात्र बाळाच्या वाटीत नाचणी पडते ती दोन चमचे, त्यामुळे या आकड्यांनी हुरळून जाऊन दूध कमी करू नये.

मध वर्षाच्या आत मुळीच देऊ नये. घुटीत मध चाटवण्याची रीत अनेक घरांत आजही आहे, परंतु मधात असू शकणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. या बाबतीत आजीचे मन मोडले तरी चालेल.

मूल भाजी खात नाही, फक्त तूप-साखर-पोळी मागते. काय करावे?

वाट पाहावी, आणि भाजी वाढत राहावी. नवीन चव मुलाने स्वीकारावी यासाठी ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा समोर यावी लागते. बहुतेक घरांत तिसऱ्या नकारालाच "याला दोडका आवडत नाही" असा निकाल दिला जातो आणि तो निकाल मुलाच्या कानावर रोज पडतो. ताटात एक चमचाभर भाजी वाढावी, खाण्याची सक्ती करू नये आणि त्याऐवजी दुसरा पदार्थ करून देऊ नये. दोडका नको असेल तर त्याच्या शिरांची तीळ घालून चटणी होते आणि ती पुष्कळ मुले खातात.

घरी न खाणारे मूल शाळेत सर्वांबरोबर मिटक्या मारीत खिचडी खाते, असा अनुभव बऱ्याच पालकांना येतो. केंद्र सरकारची शालेय पोषणाची योजना १९९५ साली सुरू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शाळांत शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले. त्या खिचडीच्या चवीत शेजारी बसलेल्या मुलांचा वाटा मोठा असतो. घरीही मूल मोबाइलसमोर एकटे जेवण्याऐवजी पंगतीत जेवले, तर निम्मी तक्रार आपोआप मिटते.

किशोरवयीन मुलगी सकाळी फक्त चहा-पोळी खाऊन बाहेर पडते. ते पुरेसे आहे का?

पोट भरायला पुरते, लोहाच्या दृष्टीने पुरत नाही. चहातील टॅनिन अन्नातील लोह शरीरात शोषले जाऊ देत नाही, आणि मासिक पाळी सुरू झालेल्या मुलीला लोहाची गरज मुलग्यांपेक्षा अधिक असते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते, तर पुरुषाला १९. याच परिषदेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी असे म्हटले आहे. चहा सोडायला सांगून कोणी सोडत नाही. तो उठल्याउठल्या घ्यावा आणि पोळी निघताना, लिंबू पिळलेल्या मटकीच्या उसळीबरोबर खावी.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी प्रथमच घर सोडले आहे. मेसच्या जेवणाला कंटाळलो. खोलीवर स्वयंपाक कसा सुरू करावा?

पोळ्यांपासून सुरू करू नये. पोळ्या शेजारच्या काकूंकडून किंवा पोळी-भाजी केंद्रातून विकत घ्याव्यात आणि भात, वरण, एक भाजी एवढेच हाती घ्यावे. तीन लिटरचा कुकर, एक कढई, एक सुरी, एक झारा आणि मिसळणाचा डबा पुरतो. (मिक्सर पहिल्या वर्षी लागत नाही, दाण्याचे कूट आईकडून डब्यातून येतेच.)

भाताला नवख्याने तांदळाच्या दुप्पट पाणी घेऊन पाहावे आणि मग तांदूळ ओळखायला शिकावे. नव्या तांदळाला पाणी कमी लागते आणि जुन्याला जास्त. इंद्रायणी आणि आंबेमोहोर मुळातच चिकट होतात, त्यामुळे मोकळ्या भाताचा हट्ट कोलमाशीच धरावा. कुकरच्या शिट्ट्या मोजण्याची सवय आपल्याला आईकडून लागते, परंतु शिट्टी हे काही माप नाही. कुकरमध्ये दाब पूर्ण भरला की पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते, आणि अन्न शिजते ते त्या तापमानाला किती वेळ राहिले त्यावर. म्हणून पहिली शिट्टी झाल्यावर आच मंद करून घड्याळ पाहावे. भिजवलेल्या तूरडाळीला साधारण दहा मिनिटे पुरतात. आच बंद केल्यावर दाब आपोआप उतरू द्यावा, कारण त्या वेळातही अन्न शिजतच असते.

फोडणी ही मात्र पाहूनच शिकावी लागते. तेल पुरेसे तापले नाही तर मोहरी तडतडत नाही आणि दाताखाली कडू लागते. जास्त तापले तर ती क्षणात काळी पडते. मोहरीचे एक-दोन दाणे टाकून पाहावेत, ते लगेच उड्या मारू लागले की सगळी मोहरी, ती तडतडली की जिरे आणि हिंग, मग कढीपत्ता व मिरची, आणि हळद सर्वांत शेवटी, कारण हळद सर्वांत आधी जळते. हळद पडताच भाजी कढईत गेली पाहिजे. चिरलेली भाजी हाताशी नसताना फोडणी करायला घेणे हीच नवख्यांची नेहमीची चूक. परदेशात शिकायला गेलेल्यांनी खिडकी आधी उघडावी. मराठी फोडणीच्या धुराने तिकडच्या खोल्यांतील आगीचे भोंगे हमखास वाजतात.

लग्नानंतर दोन घरांच्या चवी जुळत नाहीत. कोणाच्या पद्धतीने स्वयंपाक व्हावा?

हा प्रश्न वरवर मसाल्याचा दिसतो आणि काही अंशी तो असतोही. एका घरी आमटीत गूळ आणि गोडा मसाला, तर दुसऱ्या घरी कांदा-लसूण मसाला आणि गुळाचे नावही नाही. कोकणातल्या घरात ओले खोबरे आणि आमसूल, तर देशावरच्या घरात भाजलेले सुके खोबरे, दाण्याचे कूट आणि चिंच. खानदेशातून आलेल्या माणसाला कळण्याची भाकरी आठवते आणि वैदर्भीय माणसाला आमटीतला गूळ अन्नाची चेष्टा वाटते. या बाबी दोन-तीन वर्षांत आपोआप जुळतात आणि त्यातून घराची स्वतःची तिसरीच चव तयार होते.

खरा प्रश्न रोज ओट्याशी कोण उभे राहते हा आहे. देशातील २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरासाठी बिनमोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे खर्च करतात असे आढळले. शिवाय असे काम मुळात करणाऱ्या पुरुषांची संख्याच कमी होती. जो रांधतो त्याने चव ठरवावी, हा न्याय मला रास्त वाटतो. ज्याला आईच्या हातची आमटी हवी आहे त्याने ती आईकडून शिकून घ्यावी आणि आठवड्यातून दोनदा करावी.

गरोदर स्त्रीने दोन जिवांचे खावे का?

दुप्पट खाण्याची गरज नसते. दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत दिवसाला सुमारे ३५० उष्मांक अधिक लागतात, म्हणजे एक भाकरी, वाटीभर उसळ आणि एखादे फळ. स्तनपानाच्या पहिल्या सहा महिन्यांत मात्र ही वाढीव गरज सुमारे ६०० उष्मांकांवर जाते. आपल्याकडे सातव्या महिन्यातील डोहाळजेवणाचा थाट मोठा, आणि बाळंतीण मात्र बाराव्या दिवसानंतर सर्वांचे झाल्यावर जेवते. हे प्रमाण उलटे झाले आहे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, जेवणानंतर बाळंतशोपा, ही जुनी यादी चांगलीच आहे. मात्र "बाळंतिणीला पाणी कमी द्यावे" ही जुनी सूचना पाळू नये, कारण दूध पाजणाऱ्या स्त्रीला पाणी अधिक लागते.

आमचे आजोबा पोळीचाच आग्रह धरतात आणि नातवंडे हौसेने भाकरी मागतात. हे उलटे कसे झाले?

पन्नास-साठ वर्षांपूर्वी राज्याच्या मोठ्या भागात रोजचे अन्न म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी, कोकणात तांदूळ आणि नाचणी. गव्हाची पोळी सणाला किंवा पाहुणा आला की होत असे. त्यातच १९७२ चा दुष्काळ आला. रोजगार हमीच्या आधीच्या त्या दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांनी सुकडी खाल्ली, आणि रेशनवर आलेल्या मिलो नावाच्या परदेशी लाल ज्वारीच्या भाकरी गिळल्या. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांच्या लेखी ताटातली पांढरी पोळी म्हणजे बरे दिवस आल्याची खूण होती. नातवंडांच्या मागे ही आठवण नाही. त्यांनी २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचे भरडधान्य वर्ष पाहिले, आणि भाकरी हॉटेलच्या फलकावर वाचली.

दोन्ही पिढ्यांना सांभाळायचे असेल, तर रात्री भाकरी करावी आणि आजोबांची दुधात किंवा आमटीत कुस्करून द्यावी. बहुधा नकार भाकरीला नसून कडक पापुद्र्याला असतो. भाकरीचे पीठ थोडेथोडे दळून आणावे. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना तुटते, मग उकळत्या पाण्याने उकड काढण्याशिवाय उपाय राहत नाही.

चाळिशीनंतर तेल-मीठ कमी करायला सांगितले आहे. रोज चमचे मोजणे शक्य होत नाही. दुसरा मार्ग आहे का?

आहे, चमच्याऐवजी महिना मोजावा. दोन हजार उष्मांकांच्या आहारात तेल-तूप मिळून दिवसाला सुमारे २७ ग्रॅम असावे, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेल्या ताटात दाखवले आहे. चार प्रौढांच्या घरात ते महिन्याला सव्वातीन किलोच्या आसपास, म्हणजे साडेतीन लिटर होते, आणि त्यात तूपही आले. तेलाचा डबा उघडल्याची तारीख त्याच्यावर लिहून ठेवावी. पाच लिटरचा डबा महिनाभरात संपत असेल, तर चमचे मोजण्याचीही गरज उरत नाही.

मिठाचे तसेच. माणशी दिवसाला पाच ग्रॅमची मर्यादा धरली, तर चौघांना एक किलोची पिशवी पन्नास दिवस पुरायला हवी, आणि लोणचे, पापड, फरसाण, बिस्किटे यांतून येणारे मीठ या हिशेबाबाहेर राहिले, त्यामुळे ती त्याहूनही लांबली पाहिजे. मीठ कमी केल्यावर पहिले काही आठवडे सगळेच आळणी लागते. मग जीभ सरावते आणि बाहेरची भजी खारट लागू लागतात.

उपवासाच्या दिवशी साबुदाणा खाऊन साखर वाढते. काय करावे?

साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असल्यामुळे तसे होणारच. वरी, राजगिरा, दाण्याची आमटी, ताक, काकडीची कोशिंबीर यांवरही उपवास होतो. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगे सोडणारे कांदेनवमीला कांदा पोटभर खाऊन घेतात आणि वांग्यासाठी चंपाषष्ठीपर्यंत थांबतात. इतकी सोय ज्या परंपरेने ठेवली आहे, ती मधुमेही माणसाला एकादशीला भाकरी खाऊ देईल.

मुले बाहेरगावी गेली. आता दोघांचाच स्वयंपाक आहे आणि रोज अन्न उरते. अंदाज कसा बसवावा?

माझ्या घरी धाकटी मुलगी शिकायला गेल्यावर जवळजवळ दोन महिने रोज भात उरत होता. मी कमी घेते आहे असे मला वाटे, आणि हात जुनीच वाटी जुन्याच सवयीने भरत होता. शेवटी तांदळाच्या डब्यातली ती वाटी काढून मी तिथे मुलीची दुधाची छोटी वाटी ठेवली, आणि प्रश्न आठवड्यात सुटला. पातेलीही बदलावीत, मोठ्या पातेल्यात अर्धी वाटी डाळ दिसतच नाही आणि हात आपोआप मुठभर आणखी टाकतो. फोडणीसाठी लहान पळी घ्यावी, कारण मोठ्या कढईत तेल पसरते आणि थोडीशी फोडणी करपते.

उरलेल्या भाताचा फोडणीचा भात आणि शिळ्या पोळीचा कुस्करा आपल्या सर्वांना प्रिय आहे, परंतु भात रात्रभर ओट्यावर ठेवू नये. भातात शिजवूनही न मरणारे काही जिवाणूंचे बीजाणू असतात. कोमट भातात ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. दोन तासांच्या आत भात शीतकपाटात जावा आणि दुसऱ्या दिवशी संपावा.

वडील पंच्याहत्तरीचे आहेत. थोडेच जेवतात, सगळे आळणी लागते म्हणतात आणि वरून मीठ घेतात.

वयाबरोबर वास आणि चव दोन्ही मंदावतात, काही औषधांनीही तोंडाची चव जाते. मिठाऐवजी लिंबू, आमसूल, आले, कोथिंबीर, भाजलेल्या जिऱ्याची पूड यांनी चव उठवावी, आणि अन्न गरम वाढावे, कारण गरम अन्नाचा वास अधिक येतो. तहानही कमी लागते; म्हणून पाणी मागण्याची वाट न पाहता ताक, पेज, आंबील यांच्या वेळा ठरवून द्याव्यात.

भूक कमी झाली तरी प्रथिनांची गरज तशी कमी होत नाही. प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम धरले, तर साठ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे पन्नास ग्रॅम लागतात, आणि दोन घास वरणभात व चहा-बिस्किटांत ते मिळत नाहीत. बिस्किटांच्या जागी मुगाचे धिरडे, घट्ट दही, चालत असेल तर उकडलेले अंडे किंवा काटे काढलेला मासा द्यावा. दात नसतील तर शेंगदाण्याऐवजी दाण्याचे कूट, काकडीच्या कापांऐवजी खमंग कोचवलेली काकडी, अख्ख्या उसळीऐवजी ती किंचित वाटून.

आई गेल्यावर वडील एकटेच राहतात आणि त्यांना चहापलीकडे काही येत नाही. या वयात शिकता येईल का?

येते. डबा लावावा, पण एका वेळचाच. दुसऱ्या वेळी काहीतरी स्वतः करण्याचे कारण राहू द्यावे. पहिल्या आठवड्यात कुकर लावणे, दुसऱ्या आठवड्यात मुगाची खिचडी, तिसऱ्या आठवड्यात पिठले एवढा क्रम पुरतो. पिठल्याचे पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यायला सांगावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. डब्यांवर मोठ्या अक्षरांत नावे चिकटवावीत, कारण तूरडाळ आणि हरभरा डाळ यांतला फरक अनेकांना सत्तर वर्षांत विचारावाच लागलेला नसतो. आणि गॅसचे बटण बंद केले की नाही हे पाहण्यासाठी, निदान पहिला महिना, फोन भाजीची कृती सांगून न संपवता कढई उतरेपर्यंत चालू ठेवावा.